सीकेडी आणि ॲनिमिया: प्रबंधाचा आराखडा तपासून हवाय

सिनॉप्सिस_बाकी

मेडिसिनचा पीजी आहे, मराठवाड्यातल्या सरकारी कॉलेजात. प्रबंधाचा विषय: सीकेडीच्या (जुनाट किडनीविकार) रुग्णांमधला ॲनिमिया, त्यात लोहाची कमतरता किती आणि एरिथ्रोपोएटिनची (ईपीओ, लाल पेशी बनवायला लावणारं किडनीचं संप्रेरक) किती. ओपीडी, वॉर्ड आणि डायलिसिस युनिट मिळून १०० रुग्ण घ्यायचे. सगळ्यांचं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन, सीरम आयर्न, टीआयबीसी (रक्ताची लोह धरून नेण्याची क्षमता), फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) करायचं आणि ईपीओ मोजायला एलायझा किट लावायची. ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या गाळण्याचा वेग) ६० च्या खाली आणि एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, कमी (पुरुष १३, स्त्रिया १२ च्या खाली) असला की रुग्ण घ्यायचा, असं सध्या लिहिलंय.

विचारायचं असं की वगळायचं कोणाला? नमुने घेताना काय चुकतं? १०० आकडा पुरेल का? आणि ईपीओची किट महाग आहे, ती खरंच लागते का?

---

गाळणी

डॉक्टर, तुमच्या आराखड्यातली मोठी चूक अशी की ज्याचा एचबी कमी आणि क्रिएटिनिन जास्त, त्याचा ॲनिमिया किडनीचा, हे तुम्ही आधीच धरून चाललात. आपल्याकडे हे गृहीत चालत नाही. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया निघाला, पुरुषांत २५ टक्के. म्हणजे किडनी ठणठणीत असती तरी ओपीडीतल्या निम्म्या बायका तुमच्या यादीत आल्या असत्या. 'किडनीचा ॲनिमिया' हे बाकीचं सगळं गाळून खाली उरतं ते निदान आहे. गाळलंच नाही तर प्रबंधात जे निघेल ते जिल्ह्यातलं कुपोषण असेल, नाव फक्त सीकेडीचं.

गाळायचा क्रम सांगतो.

आधी सीकेडी खरी आहे का ते बघा. एका क्रिएटिनिनवर सीकेडी होत नाही. तीन महिन्यांहून जास्त काळ ईजीएफआर ६० च्या खाली, किंवा लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० मिग्रॅ प्रति ग्रॅम किंवा वर, असा पुरावा हवा. वॉर्डातल्या उलटी-जुलाबाच्या रुग्णाचं क्रिएटिनिन आज १.९ आणि पंधरा दिवसांनी १.० असतं. वॉर्डातले रुग्ण घेऊच नका असं माझं मत. संसर्गात फेरिटिन वर जातं, आयर्न खाली येतं, आणि दोन्ही आकडे वाया जातात.

मग इतिहास. तीन महिन्यांत रक्ताची पिशवी लागली असेल तर बाहेर. ईपीओची इंजेक्शनं चालू असतील तर ओपीडीच्या गटातून बाहेर. इथे एक नवी पाचर आहे: डेसिड्युस्टॅट, शरीराचंच ईपीओ वाढवणारं औषध. भारतात २०२२ पासून मिळते आणि ती गोळी आहे. 'ईपीओ चालू आहे का?' असं विचारलं की रुग्ण 'सुई नाही घेत' म्हणतो आणि अर्जावर 'नाही' पडतं. म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटं बघायला मागा. त्याच वेळी डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्याही टिपा, त्यांनी हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) थोडं वर जातं. एसीई इनहिबिटरनी (रक्तदाबाच्या गोळ्या) थोडं खाली येतं. वगळू नका, फक्त रकाना ठेवा. शिरेतून लोह घेतलंय का, हे 'आयर्न सुक्रोज घेतलं का' असं विचारून कळत नाही. 'तपकिरी-लाल रंगाची सलाईन लावली होती का' असं विचारा.

बायकांना पाळी चालू आहे की गर्भाशय काढलंय, हे विचाराच. बीडकडच्या ऊसतोडीच्या घरांतली तिशीतली बाई असली तरी 'पाळी असणारच' असं धरू नका.

मग बी-१२. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असलेला मधुमेही, त्यात शाकाहारी, म्हणजे कमतरता निघण्याची चांगलीच शक्यता. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असले की एक पेशी लहान करतं, दुसरं मोठी करतं, आणि एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ८८ येऊन सगळं 'नॉर्मोसायटिक', म्हणजे नेहमीच्या आकाराचं, दिसतं. पुस्तकात सीकेडीचा ॲनिमियाही नॉर्मोसायटिकच! इथे आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातली तफावत) आणि स्मिअर (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं रक्त) वाचवतात. स्मिअर स्वतः बघा, मशीनच्या कागदावर सोडू नका.

शेवटी हिमोग्लोबिनचे आजार. किनवट-माहूर पट्ट्यातला रुग्ण असेल तर सिकलसेलसाठी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी) हवीच. सिकल किडनीही बिघडवते आणि रक्तही, त्यामुळे तो रुग्ण तुमच्या प्रश्नात बसत नाही. थॅलेसेमिया मायनरसाठी मेंत्झर इंडेक्सवर (एमसीव्ही भागिले लाल पेशींची संख्या, १३ च्या खाली संशय) सीकेडीत विसंबू नका. किडनीमुळे लाल पेशींची संख्याच घटलेली असते, त्यामुळे इंडेक्स फसवून वर जातो. एचपीएलसीवर एचबी-ए२ बघा, पण लोह फार कमी असेल तर तोही खाली येतो.

एवढं गाळल्यावर लोहाचे दोन कप्पे. टीसॅट (सीरम आयर्न भागिले टीआयबीसी, टक्क्यांत) २० टक्के किंवा खाली आणि फेरिटिन १०० किंवा खाली (हिमोडायलिसिसवर २००): खरी कमतरता. टीसॅट तेवढंच कमी पण फेरिटिन वर: लोह कोठारात आहे, बाहेर येत नाही. त्याला कारण हेपसिडिन. यकृतातून निघणारं हे छोटं प्रथिन पेशीच्या दारावरच्या फेरोपोर्टिनला धरून ते मोडीत काढतं (हे २००४ मध्ये कळलं), आणि दार बंद होतं. शरीरात दाह (इन्फ्लमेशन) असला की हेपसिडिन वाढतं, किडनी गाळत नाही म्हणून आणखी साचतं. म्हणून सीआरपी (दाह दाखवणारी तपासणी) केल्याशिवाय फेरिटिन छापू नका.

नेफ्रॉटिक (लघवीतून खूप प्रथिनं जाणाऱ्या) रुग्णात आणखी एक गंमत. ट्रान्सफेरिन, म्हणजे लोह वाहणारं प्रथिन, लघवीवाटे जातं, टीआयबीसी घसरते, भागाकारात खालचा आकडा लहान झाला की टीसॅट उगाच छान दिसतं. असे रुग्ण वेगळे दाखवा.

---

बल्बवाला

वरच्या प्रतिसादाला +१. आता लॅबच्या बाजूने.

बल्बचा (रक्त घ्यायच्या नळ्यांचा) क्रम: आधी प्लेन, ज्यात रक्त गोठतं; मग ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारा जांभळ्या झाकणाचा. उलटं केलं आणि सुईच्या टोकावरचा जांभळ्या बल्बातला थेंबभर ईडीटीए प्लेनमध्ये गेला, की तो लोहाला धरून ठेवतो आणि आयर्न खोटं कमी येतं. ओळखायची खूण: त्याच नमुन्यात पोटॅशियम विनाकारण जास्त आणि कॅल्शियम विनाकारण कमी. असा निकाल दिसला तर आयर्नचा आकडा फेकून द्या, रुग्णाला परत बोलवा. जांभळ्या बल्बातलं रक्त प्लेनमध्ये ओतणं हा प्रकार तर बंदच करा. कमी पडलं म्हणून इंटर्न मंडळी करतात.

वेळ सकाळी ८ ते १०, उपाशीपोटी. सीरम आयर्न दिवसभरात बरंच वरखाली होतं. अर्धे नमुने सकाळचे आणि अर्धे दुपारच्या ओपीडीतले असले तर तुम्ही रुग्णांतला फरक नाही, घड्याळातला फरक मोजताय. लोहाची गोळी आदल्या दिवशी बंद. शिरेतून लोह दिलं असेल तर निदान आठवडा थांबा. प्रबंधासाठी मी चार आठवडे लिहीन. दंडाला पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त नको.

प्लेन बल्ब ३० मिनिटं उभा ठेवून गोठू द्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये १० मिनिटं १,५०० जी. 'जी' (गुरुत्वाच्या किती पट) लिहा, आरपीएम लिहू नका. ३,००० आरपीएमला १५ सेंमी त्रिज्येच्या रोटरवर सुमारे १,५०० जी मिळतं, १० सेंमीच्या छोट्या मशीनवर जेमतेम १,०००. सूत्र: ०.००००१११८ × त्रिज्या (सेंमी) × आरपीएमचा वर्ग. गोठायच्या आधी फिरवलं की सीरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात आणि ॲनालायझरची सुई अडकते.

बाहेरच्या केंद्रावरून नमुने आणणार असाल तर एप्रिल-मेचं ऊन लक्षात ठेवा. गाडीच्या डिकीत ठेवलेल्या ईडीटीए बल्बात पेशी फुगतात, एमसीव्ही वाढतो, काही फुटतात. थंड पेटीत आणा, पण बर्फाला बल्ब थेट टेकू देऊ नका. सीबीसी शक्यतो चार-सहा तासांत लावा.

सीरम साठवायचं तर ०.५ मिलीच्या छोट्या भागांत. घरगुती 'फ्रॉस्ट-फ्री' फ्रिजचा फ्रीजर नको: बर्फ जमू नये म्हणून तो स्वतःच अधूनमधून गरम होतो, नमुना वितळतो-गोठतो. लोडशेडिंग धरून तापमानाची वही ठेवा. उद्या हेपसिडिन करावंसं वाटलं तर आधीच सांगा. ते साध्या प्लॅस्टिकला चिकटून बसतं, त्याला कमी चिकटणाऱ्या वेगळ्या नळ्या लागतात.

क्रिएटिनिन जाफे पद्धतीने होतं की एन्झायमॅटिक पद्धतीने, आणि कॅलिब्रेशन आयडीएमएस या संदर्भ पद्धतीला जोडलेलं आहे का, हे पद्धती विभागात लिहा. का ते बघा: ४५ वर्षांची बाई, क्रिएटिनिन १.१, सीकेडी-ईपीआय २०२१ या सूत्राने ईजीएफआर ६३. तेच १.२ आलं तर ५७. जाफेत ०.१ ची चूक अगदी सहज होते. बिलिरुबिन, कीटोन, काही सेफॅलोस्पोरिनं त्याला फसवतात. त्या ०.१ ने बाई तुमच्या अभ्यासात येते किंवा जाते. उलट बाजूने, ४० किलोच्या हाडकुळ्या माणसात स्नायूच कमी, म्हणून क्रिएटिनिन कमी आणि ईजीएफआर खोटा चांगला. बजेट ईपीओवर घालवण्यापेक्षा सीमेवरच्या रुग्णांत सिस्टॅटिन-सी (स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली किडनीची तपासणी) करा.

---

सिनॉप्सिस_बाकी

आभार दोघांचे. वॉर्ड काढतो, ओपीडीच ठेवतो. ईपीओबद्दल गाइडचा आग्रह आहे, कारण विषयाच्या नावातच तो शब्द आहे. नेमकं काय म्हणून नको सांगू?

---

गाळणी

गाइडना हे सांगा. ईपीओचा आकडा एकटा काही बोलत नाही, तो एचबीच्या शेजारी ठेवून वाचायचा असतो. किडनी चांगली असलेल्या माणसाचा एचबी लोहाअभावी ७ झाला तर त्याचं ईपीओ कित्येक पटींनी वर जातं. सीकेडीत एचबी ७ असूनही ईपीओ 'नॉर्मल' येतं, कधी थोडं जास्तही. दोष आकडा कमी असण्यात नाही, त्या एचबीला तो अपुरा असण्यात आहे. म्हणजे तुलनेला लोहाच्या कमतरतेचा, पण किडनी चांगली असलेला गट हवा. तो तुमच्या आराखड्यात नाहीच. नुसत्या सीकेडीच्या रुग्णांत मोजून 'नॉर्मल आलं' एवढंच लिहावं लागेल. आणि ज्याला इंजेक्शन चालू आहे त्याच्यात एलायझा स्वतःचं आणि बाहेरचं ओळखत नाही.

किटचा हिशेब: ९६ खाने, स्टँडर्ड आणि कंट्रोलला १६ गेले, उरले ८०, दुबार लावलं तर ४० रुग्ण. म्हणजे शंभराला तीन किट, आणि तीन किटमधला आपसातला फरक वेगळाच.

प्रस्तावनेत हा इतिहास मात्र जरूर घ्या, कारण तर्क तोच आहे. १९५७ मध्ये शिकागोत जेकबसन आणि गोल्डवासर यांच्या गटाने उंदरांचा एकेक अवयव काढून पाहिला. किडन्या काढल्यावरच रक्तस्रावाला उत्तर म्हणून ईपीओ वाढायचं थांबलं. ते शुद्ध करायला मात्र पुढची वीस वर्षं गेली. १९७७ मध्ये ते जमलं ते जपानच्या मियाकेंनी गोळा केलेल्या २,५५० लिटर लघवीतून. लघवी कोणाची, ते महत्त्वाचं: ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांची. अस्थिमज्जा काम करत नाही, किडनी शाबूत, त्यामुळे ती ओरडून ओरडून ईपीओ सोडते आणि ते लघवीत उतरतं. सीकेडीच्या रुग्णाची लघवी घेतली असती तर काही हाती लागलं नसतं. १९८९ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. पेशीला ऑक्सिजन कमी झाल्याचं कसं कळतं, हे उलगडल्याबद्दल २०१९ चं नोबेल मिळालं. त्यातले रॅटक्लिफ मुळात आपल्याच, म्हणजे किडनीच्या, शाखेचे.

चर्चेत २००६ ची चॉइर आणि २००९ ची ट्रीट चाचणी घाला. ट्रीटमध्ये ४,०३८ मधुमेही सीकेडी रुग्ण होते. डार्बेपोएटिनने (ईपीओसारखं इंजेक्शन) एचबी १३ कडे नेलेल्या गटात पक्षाघात ५.० टक्के, दुसऱ्यात २.६. 'एचबी नॉर्मलला आणा' हे सीकेडीत का चालत नाही, ते एवढ्यात कळतं.

---

आकडेमोड

१०० हा आकडा कुठून आला? गोल आहे म्हणून, असंच दिसतंय. समितीही हेच विचारेल.

तुमचा मुख्य प्रश्न एकच ठेवा: सीकेडीच्या ॲनिमियात खऱ्या लोह-कमतरतेचं प्रमाण. अंदाज ६० टक्के धरला (आधी २०-२५ रुग्णांचं पायलट करून धरा), चूक ७ टक्के मान्य, तर १.९६ चा वर्ग × ०.६ × ०.४ ÷ ०.०७ चा वर्ग = १८९. दहा टक्के गळती धरून २१०. चूक ८ टक्के चालत असेल तर १४५.

१०० रुग्ण चार स्टेजमध्ये वाटले की प्रत्येकी २५. तिथे ५० टक्के आलं तरी खरा आकडा ३० ते ७० मध्ये कुठेही. असं कोष्टक छापून उपयोग काय? डायलिसिसचा गट एकतर वेगळा घ्या, वेगळ्या गणिताने, नाहीतर सोडून द्या. दोन्ही मिसळून सरासरी काढू नका.

फेरिटिनची सरासरी-एसडी देऊ नका. एक रुग्ण १,८०० चा आला की सरासरी कुणाचीच राहत नाही. मध्यक आणि चतुर्थक द्या, रिग्रेशनमध्ये लॉग घ्या.

---

आरओ_शिफ्ट

डायलिसिसचा गट घेणार असाल तर युनिटमधून चार गोष्टी.

नमुना सुई लावल्याबरोबर, सलाईन-हेपारिन जायच्या आधी घ्यायचा. आपल्याकडे बरेच रुग्ण आठवड्यातून दोनदाच येतात, एक गॅप लहान आणि एक मोठा. तीन किलो पाणी अंगात घेऊन आलेल्याचा एचबी पातळ होऊन कमी दिसतो. सगळ्यांचा नमुना एकाच गॅपनंतर घ्या आणि त्या दिवशीचं वाढलेलं वजन लिहा.

रक्त कुठे जातं तेही मोजा. दर वेळी डायलायझर-ट्यूबिंगमध्ये नुसतं १० मिली राहिलं तरी वर्षाच्या १०४ डायलिसिसला लिटरभर झालं. एचबी १० असेल तर मिलीला ०.३४ मिग्रॅ लोह, म्हणजे सुमारे ३५० मिग्रॅ असंच गेलं. फिल्टर गोठला तर आणखी. रुग्णागणिक 'फिल्टर गोठला का' हा रकाना ठेवा.

ईपीओ २ ते ८ अंशांत राहतं. रुग्ण मेडिकलवरून आणतो, व्हायल बर्फावर थेट ठेवतो, ती गोठते. किंवा एसटीत तीन तास खिशात. वरून पारदर्शकच दिसतं. हलवायचंही नाही. डोस लिहिताना कागदावरचा नको, खरोखर टोचलेला लिहा.

आता पाणी, हे कुणीच लिहीत नाही. टंचाईत युनिट टँकरवर चालतं. टँकरमध्ये ब्लिचिंग पावडर सढळ पडते. पाण्यात अमोनिया असला की क्लोरामाइन होतं. ते आरओ अडवत नाही, कार्बन टँकच अडवतो. डायलायझरमधून आत गेलं की लाल पेशी फुटतात. नुसत्या फ्री क्लोरिनच्या पट्टीवर ते दिसत नाही; टोटल क्लोरिन बघावं लागतं, कार्बननंतर, दर शिफ्टच्या आधी, ०.१ मिग्रॅ प्रति लिटरच्या खाली. दुसरी भानगड तुरटीची. गढूळ टँकरमध्ये तुरटी फिरवतात, म्हणजे ॲल्युमिनियम. आरओचा मेंब्रेन थकलेला असेल तर ते पलीकडे जातं आणि लोह भरपूर असूनही पेशी लहान पडतात, ईपीओ लागू होत नाही. एकाच युनिटच्या पाच-सहा रुग्णांचे एचबी एकाच महिन्यात घसरले तर रुग्णांच्या आधी पाणी तपासा.

---

पट्टा_पडला

कम्युनिटी मेडिसिनमधून एक भर. केज, धारूर, वडवणी, पाटोदा अशा भागातले रुग्ण येणार असतील तर कॅलेंडर बघून भरती करा. दसरा-दिवाळीला कोयते (ऊसतोडीच्या जोड्या) निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटकात. सप्टेंबरात पहिलं क्रिएटिनिन केलं तर तीन महिन्यांनी दुसरं करायला माणूस गावात नसतो. तुमची दहा टक्के गळती तिथेच चाळीस होईल.

आणि परत आल्या-आल्या केलेलं क्रिएटिनिनही एकटं धरू नका. सहा महिने उन्हात घाम, पाणी कमी, वर अंगदुखीची डायक्लोफिनॅक. त्यातलं काही उतरतं, काही नाही. एप्रिल-मेमध्ये पहिलं, ऑगस्टमध्ये दुसरं, असं बसवा. दुसऱ्यातही कमी राहिलं तर सीकेडी. लोहाचे नमुने दुसऱ्या वेळीच घ्या.

'वेदनाशामक घेता का?' असं विचारू नका, 'नाही' येईल. 'अंग दुखल्यावर कोणती गोळी, कुठून, आठवड्यात किती?' असं विचारा. किराणा दुकानातूनही मिळते. तिचा रक्ताशीही संबंध आहे: पोटात अल्सर, थेंब थेंब रक्तस्राव. अशांची शौचातल्या गुप्त रक्ताची तपासणी करा.

---

सिनॉप्सिस_बाकी

मग भरती एप्रिलमध्येच सुरू करतो. सीटीआरआयची (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी नंतर केली तर चालेल का?

---

आकडेमोड

नाही. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय फक्त पहिला रुग्ण घ्यायच्या आधीचीच नोंदणी घेते. निरीक्षणात्मक अभ्यासाला कायद्याने ती लागत नसली तरी करून ठेवा, पण आधी एथिक्स समितीचं पत्र हातात येऊ द्या. संमतीपत्र मराठीत, आणि अंगठा असेल तिथे अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार, तुमचा को-पीजी नव्हे. उरलेलं सीरम ठेवणार असाल तर त्याची वेगळी संमती. प्रबंधासाठीच्या जादा तपासण्यांचे पैसे रुग्णाच्या पावतीवर येऊ देऊ नका.

---

बल्बवाला

एकूण रक्त किती घेणार तेही संमतीपत्रात लिहा: ईडीटीए ३ मिली, प्लेन ५ मिली. एचबी ६ असलेला माणूस 'आणखी रक्त कशाला काढता' असं विचारतोच. 'दोन चमचेही नाही' असं सांगता आलं पाहिजे.